त्या भोकात बोट घालू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलं आणि मोबाईल या विषयावर तुमच्या पेपरात सारखी पत्रं येत असतात, मी ती सगळी वाचते. मोबाईल काढून घ्या म्हणणारे पुष्कळ आहेत पण काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातात काय द्यायचं हे कोणी लिहीत नाही, म्हणून आज मी लिहायला बसलेय. मी दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावात राहते, सव्वीस वर्षं बालवाडीत बाई होते, आता रिटायर झालेय. दर शनिवारी दुपारी चारला आमच्या पडवीत वाडीतली तीन ते सहा वर्षांची दहा-बारा मुलं येतात आणि मी त्यांना पुस्तक दाखवते. दाखवते असंच म्हणते मी, कारण या वयात वाचणं थोडं आणि बघणं-बोलणंच जास्त असतं. या पावसाळ्यात आम्ही एकच पुस्तक ओळीने पाच शनिवार बघितलं, त्याबद्दल सांगायचंय. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण कढीपत्त्याचा भाग तेवढा ठेवा.

पुस्तक आहे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचं, १९६९ सालचं. साठहून जास्त भाषांमध्ये गेलेलं आहे. माझ्याकडची प्रत इंग्रजी आहे, भाच्याने मुंबईहून आणलेली, जाड पुठ्ठ्याच्या पानांची, मी बघत बघत मराठीत सांगते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट अशी, चांदण्यात एका पानावर अंडं असतं, रविवारी सकाळी त्यातून इवलीशी अळी बाहेर पडते आणि तिला भूक लागलेली असते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री, आणि शनिवारी एकदम दहा वेगवेगळ्या वस्तू, केक, आईस्क्रीम, चीज, लॉलीपॉप, कलिंगड काय न काय, मग रात्री पोट दुखतं. दुसऱ्या दिवशी रविवारी एक हिरवं पान खाते, बरं वाटतं, मग कोश, आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवसांनी फुलपाखरू. झाली गोष्ट. पण खरी मजा पानांत आहे. सोमवारचं पान अगदी चिंचोळं, मंगळवारचं त्याहून रुंद, असं करत करत शुक्रवारचं सगळ्यात रुंद, आणि प्रत्येक फळाला खरंखुरं भोक, अळी इकडून खाऊन पलीकडे गेली त्याचं. तीन वर्षांच्या पोराचं बोट त्या भोकात बरोब्बर जातं.

हे भोक म्हणजेच पुस्तकाचं मूळ आहे. कार्ल एकदा पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसला होता, ती बघून त्याला पुस्तकातली कसर आठवली, म्हणून आधी त्याने विली नावाच्या एका किड्याची गोष्ट केली होती, मग त्याच्या संपादक बाईंनी, अ‍ॅन बेनेड्यूस त्यांचं नाव, किड्याच्या जागी कॅटरपिलर सुचवलं आणि फुलपाखराचा शेवट तिथून आला. (संपादकांनी एक शब्द सुचवला की काय होतं बघा, हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय.) अशी लहानमोठ्या पानांची, भोकांची पुस्तकं परवडेल अशा खर्चात छापून देणारा अमेरिकेत तेव्हा कोणी मिळेना, म्हणून पहिली छपाई जपानमध्ये झाली. म्हणजे एवढा खटाटोप त्या लोकांनी कशासाठी केला, तर मुलाचं बोट आत जावं म्हणून. आणि आपल्याकडे मूल बोट घालायला लागलं की पहिलं वाक्य काय, "हात लावू नको, फाटेल". माझ्या प्रतीतली शुक्रवारची भोकं आता कडेने फुगलीत, पुठ्ठ्याचे पदर सुटलेत. चालतंय. पुस्तक वापरून झिजलंय, त्याचं मला समाधान आहे.

पहिल्या शनिवारी मी काही सांगितलंच नाही. फक्त पानं उलटली आणि गप्प बसले. मोठ्या माणसांना हे फार जड जातं, मलाही नोकरीत असताना जमायला बरीच वर्षं लागली. आपण चित्र दिसलं रे दिसलं की परीक्षा घ्यायला लागतो, हे काय आहे, याचा कलर कोणता, किती आहेत मोज बघू, आता तर त्याच्या पुढे इंग्लिशमध्ये काय म्हणतात तेही आलंय. मूल उत्तर देतं "अ‍ॅपल", आपण म्हणतो "व्हेरी गुड", आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा आपण गप्प राहिलो आणि मनातल्या मनात सात-आठ आकडे मोजले ना, तर मूल आपणहून काहीतरी बोलतं आणि ते कधीच आपल्याला वाटलं होतं ते नसतं.

आता बघा, प्लमचं चित्र आलं, जांभळे गोल गोल तीन, आणि दोघी-तिघी एकदम ओरडल्या, "रतांबे!" अगदी बरोबर आहे, पिकलेला रतांबा, म्हणजे कोकमाचं फळ, तसाच दिसतो. मी "चूक" म्हटलं नाही. म्हटलं हो गं, रतांब्यासारखंच आहे, पण हे थंडीच्या मुलखातलं फळ, आपल्याकडे बाजारात आलं तर त्याला आलुबुखार म्हणतात. मग रतांबा आतून कसा असतो, बिया कशा असतात, आजी आगळ कसं काढते, मीठ किती घालते, सालं कुठे वाळवते, पाऊस आला की सगळे कसे धावतात यावर अर्धा तास गेला. चिंचोळ्या पानावरच्या तीन फळांनी अर्धा तास दिला. पेअरला एकाने जाम म्हटलं, तेही आकाराने अगदीच जवळचं आहे.

चीजचा तुकडा आला, त्या चीजला मुळातच भोकं असतात, तर एक साडेचार वर्षांचा मुलगा पुस्तकाला नाक लावून म्हणाला, "यातलं अळीने पाडलेलं कुठलं?" मी स्वतः इतक्यांदा ते पान बघितलंय, माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. मग प्रत्येकाने आपापलं बोट घालून शोधलं. आणि तिथेच पिकल आहे, त्याला आपण लोणचं म्हणून मोकळे होतो पण चित्रात तर अख्खी काकडी दिसते, मुलं म्हणतात हे कुठलं लोणचं, लोणच्याला तेल लागतं. तेव्हा मी आतून बरणी आणली, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांची, म्हटलं त्यांच्याकडे काकडी अशी खारवतात. खारातल्या कैरीची एकेक फोड खाऊन झाली, मग सगळ्यांना ते पान पटलं.

एक शब्दाचा मुद्दा आहे तो सांगते कारण मला तो महत्त्वाचा वाटतो. यूट्यूबवर, शाळांच्या पाट्यांवर सगळीकडे या कॅटरपिलरला सुरवंट म्हणतात. आमच्या मुलांना सुरवंट म्हणजे शेवग्यावरचा केसाळ, जो अंगाला लागला की आग आग होते आणि गांधी उठतात, पावसात प्रत्येकाने एकदा तरी तो अनुभव घेतलेला असतो. मी पहिल्यांदा सुरवंट म्हटलं तर एक मुलगी हात मागे घेऊन बसली, भोकात बोट घालायलाच तयार नाही. अळी म्हटलं आणि बोट आत. तेव्हापासून मी अळीच म्हणते. शब्द बदलला की पोराच्या अंगातला सगळा प्रतिसाद बदलतो, भाषांतर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि उलट एका ठिकाणी आपली मराठी जास्त सोयीची आहे. इंग्रजीत फुलपाखराच्या घराला आणि पतंगाच्या घराला वेगवेगळे शब्द आहेत, कार्लने फुलपाखराच्या गोष्टीत पतंगाचा शब्द वापरला म्हणून त्याच्यावर टीका झालेली आहे. आपल्याकडे दोन्हीला कोशच, त्यामुळे आमच्या पडवीत हा वाद आलाच नाही.

कोशात दोन आठवडे म्हणजे किती, हे लहान मुलांना सांगणं कठीण. मी बोटं दाखवली, कॅलेंडर दाखवलं. आमच्याकडचा एक मुलगा आहे, तो तीन शनिवार एक शब्द बोलला नव्हता, फक्त पानं उलटताना पुढे सरकायचा. तो म्हणाला, "पप्पा बोटीवर जातात तेवढे?" त्याचा बाप हर्णैच्या बोटीवर खलाशी आहे, गेला की बरेच दिवस येत नाही. मी म्हटलं हो, साधारण तेवढे. मग त्याने विचारलं की कोशात जेवण कोण देतं. बोटीवर भांडारी असतो म्हणे, जेवण करायला, कोशात कोण? मी सांगितलं की अळीने आधीच भरपूर खाऊन ठेवलंय म्हणून तर ती एवढं खात होती, आतमध्ये काही लागत नाही. त्याला ते पटलं असं वाटलं, कारण पुढच्या शनिवारी त्याने हीच माहिती दुसऱ्या दोघांना दिली.

आता कढीपत्ता. दुसऱ्या शनिवारी पाऊस थांबला होता म्हणून सगळ्यांना घेऊन विहिरीमागच्या कढीपत्त्याकडे गेले. कढीपत्त्यावर, लिंबावर, पपनसावर पावसात काही फुलपाखरं अंडी घालतात, मोहरीहून लहान, फिकट पिवळी, पानाच्या कोवळ्या शेंड्याला. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला चक्क पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा, म्हणजे पक्षी तिला खायला जात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते, पानात पान. आणि तिला काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि एक उग्र वास येतो. मुलांनी हे बघितल्यावर त्यानंतर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. मग एकदम सगळे बोलायला लागले. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, मोठं काळं आणि पंखांवर निळं, तेही याच लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतं, आणि देशात आधी आपल्याच राज्याने स्वतःचं फुलपाखरू ठरवलं, हे आईबापांनाही माहीत नव्हतं, न्यायला आलेल्या तिघी आया झाडाखाली उभ्या राहून बघत बसल्या.

एक फांदी बाटलीत ठेवून मी घरी आणली, चार अळ्या, बाजूला रोज ताजा पाला. मुलं शाळेतून येता-जाता डोकवायची. ही खरी अळी सफरचंद खात नाही, ती लिंबाच्या जातीच्याच झाडांचा पाला खाते, दुसरा दिला तर उपाशी मरेल पण खाणार नाही, हे त्यांनी स्वतः करून बघितलं, एकाने आंब्याचं पान ठेवलं होतं, दुसऱ्याने बिस्किटाचा तुकडा. दोन्ही तसंच राहिलं. मग पुस्तक खोटं आहे का, असं एका मुलीने विचारलं. मी म्हटलं तू सांग. ती म्हणाली शेवटचं पान खरं आहे, आधीची गंमत आहे. पाच वर्षांची मुलगी आहे, मला याहून नीट सांगता आलं नसतं. चार अळ्यांपैकी तिघींचे कोश झाले, स्वतःच्या अंगाभोवती एक रेशमाचा धागा कमरपट्ट्यासारखा बांधून काडीला टेकून राहतात, आणि दहाएक दिवसांनी दोन फुलपाखरं निघाली. तिसऱ्या कोशाला बारीक भोक पडून त्यातून गांधीलमाशीच्या जातीची एक छोटी माशी निघाली. असं होतं निसर्गात, ती माशी अळीच्या अंगात अंडी घालते. मुलांपासून लपवावं का असं क्षणभर मनात आलं पण लपवलं नाही, दाखवलं, आणि दोन दिवस सगळ्या वाडीत तोच विषय होता.

क्राफ्टबद्दल आता मनापासून लिहिते. माझ्या ओळखीतल्या एका आईला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला की उद्या हंग्री कॅटरपिलरचं क्राफ्ट करून आणा. शाळेचं नाव घेत नाही, आणि अशी शाळा एकच नाहीये. रात्री साडेदहाला ती बिचारी दुकान उघडायला लावून चमकीचे गोळे, कार्डशीट, चिकटवायचे डोळे घेऊन आली, बारापर्यंत बसून सुंदर अळी केली, पोरगं झोपलेलं. सकाळी फोटो ग्रुपवर, सगळ्यांच्या अळ्या एकसारख्या. मुलाने ती गोष्ट ऐकलेलीच नव्हती. मला त्या आईचा राग नाही आला, तिने प्रेमाने केलं, पण ज्याच्या हाताने करायचं त्याचा हात त्यात कुठेच नाही, आणि ज्या पुस्तकावरून करायचं ते पुस्तक कोणी उघडलं नाही, मग हे नक्की कुणासाठी चाललंय.

कार्लची चित्रं बघितली तर ती अशी दुकानातून आणलेल्या रंगीत कागदांची नाहीत. तो पातळ झिरझिरीत कागद स्वतः रंगवायचा, ब्रशचे फराटे, ठिपके, ओरखडे, आणि मग त्यातून तुकडे कापून चिकटवायचा. म्हणून त्या अळीच्या अंगावर हिरवे किती प्रकारचे आहेत बघा. हे मुलांना करता येतं. आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तेच केलं. कागद म्हणजे गणपतीच्या मखरातला उरलेला पांढरा पताकेचा कागद आणि तुमच्या पेपरची रद्दी. रंग म्हणजे कोकमाचं आगळ, हळदीचं पाणी, पारिजातकाच्या केशरी देठांचा रंग, चुलीतला कोळसा कुटून, आणि हिरवा मात्र डबीतला, पानं चुरडून हिरवा येतो पण लगेच मातकट होतो. ब्रश चारच होते म्हणून नारळाच्या सोडणाचा काथ्या काडीला बांधून ब्रश केले, त्याचे फराटे खऱ्या ब्रशहून छान आले. एक दुपार फक्त कागद रंगवणं. काही बनवायचं नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण मोठ्या माणसांना लगेच वस्तू हवी असते. हळदीवर कोकम पडलं की काय होतं, ओल्यावर ओला रंग कसा पसरतो, रद्दीतली अक्षरं खालून कशी दिसतात, त्यातच मुलं गुंतलेली होती. वाळायला दोरीवर लावले, पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस गेले.

चौथ्या शनिवारी फाडलं. कापलं नाही, फाडलं, कारण तीन वर्षांच्या हातात कात्री चालत नाही आणि फाडताना बोटांना जो जोर लागतो तोच पुढे पेन्सिल धरायला कामाचा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, चमचाभर पीठ आणि पाणी मंद आचेवर ढवळत राहायचं. कुणाच्या अळीला चार गोळे, कुणाच्या अळीला चौदा, एकाने अळी सरळ न करता गोल केली कारण ती झोपलीय म्हणे. पायांऐवजी एकीने खराट्याच्या हिरांचे तुकडे लावले. मी एकालाही हात लावला नाही, डोळे इथे काढ, हे वाकडं झालं असं म्हटलं नाही. फक्त विचारलं, हिने आज काय खाल्लंय? आणि मूल जे बोलेल ते त्याच कागदावर खाली पेन्सिलने लिहून घेतलं, जसंच्या तसं, "खाल्लान्" म्हणालं तर "खाल्लान्". आपण बोललेलं कागदावर उमटतं आणि बाई ते परत वाचून दाखवते, हे बघताना मुलांचे चेहरे असे होतात की काय सांगू. अक्षरओळख वगैरे म्हणतात ती मला तरी इथेच सुरू होताना दिसते.

भोकं पाडायला उदबत्ती. पेटती उदबत्ती कागदाला हळूच टेकवली की गोल भोक पडतं आणि कडा तपकिरी होते, अगदी अळीने कुरतडल्यासारखी. हे काम फक्त मोठ्यांनी करायचं, मुलांनी लांब बसून बोटाने जागा दाखवायची. आणि दोन गोष्टी आमच्या भागातल्या लोकांना बजावून सांगते. कच्च्या काजूबिया क्राफ्टला देऊ नका, दिसायला छान असतात पण सालीतल्या तेलाने कातडी भाजते. आणि गुंजा, लाल-काळ्या, माळेला सुंदर, पण विषारी आहेत, मुलाने चावून गिळल्या तर जिवावर बेततं, त्या घरातच आणू नका. शंख, मोठे शिंपले, वाळलेल्या आठळ्या, करवंट्या, पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, एवढं पुष्कळ आहे आपल्याकडे. विरीचं तर आम्ही मोठं हिरवं पान केलं, रविवारचं.

पाचव्या शनिवारी आमचं स्वतःचं पुस्तक. जुन्या कॅलेंडरची पाठ कोरी असते, ती पानं कापून, सोमवारचं चिंचोळं, पुढची रुंद. फळं कुठली यावर मतदान झालं. एक फणस, दोन आंबे, तीन रतांबे, चार बोंडू, पाच जांभळं. फणसात अळी शिरेल कशी, काटे टोचतील, यावर भांडण झालं आणि ठरलं की ती देठाकडून जाईल. शनिवारच्या दहा वस्तू अशा झाल्या, मोदक, सांदण, घावन, खाजं, वडापाव, गोळा, शहाळं, कुरकुरे, कलिंगड आणि बांगडा. बांगड्यावरून मोठा प्रश्न निर्माण झाला. दोघी म्हणाल्या शनिवारी मासे नाही खायचे, आई बोलली. मग तो रविवारी ढकला, तर रविवारी पान खायचंय. शेवटी मोहल्ल्यातून येणारा एक मुलगा म्हणाला की आमच्याकडे शनिवारी खातात, अळी आमच्याकडे आली होती. सगळ्यांना हे लगेच मान्य झालं, बांगडा शनिवारीच राहिला. मग मी सगळं मोजायला लावलं, एक-दोन-तीन-चार-पाच मिळून पंधरा फळं, वर शनिवारच्या दहा, पंचवीस, आणि रविवारचं पान सव्विसावं. पंचवीस आठळ्या आणि एक पान ओळीत मांडून मोजलं. वारांची नावं तर कोणी शिकवलीच नाहीत, ती आपोआप पाठ झाली.

काही जण मला म्हणतात मग मूळ पुस्तकच कशाला, सरळ आंबा-फणसाचं घ्या. मला नाही पटत. मुलांनी आधी दुसऱ्याच्या मुलखातलं बघावं, पेअर काय, प्लम काय, खारातली काकडी काय, अडावं, विचारावं, आपल्या रतांब्याशी ताडून बघावं, आणि मग आपलं करावं. आधीच सगळं सोपं करून ताटात वाढलं तर बोलायला उरतं काय. कार्लचं स्वतःचंच बघा, १९२९ मध्ये अमेरिकेत जन्मलेला, सहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर जर्मनीत गेला, तिथे हिटलरचा काळ, युद्ध, बाप लढाईवर जाऊन रशियनांच्या कैदेत, आणि याला आयुष्यभर आठवत राहिलं ते लहानपणी बापाने रानात फिरवून दगड उचलून, झाडाची साल बाजूला करून दाखवलेले किडे. २०२१ मध्ये गेला तो, ९१ वर्षांचा होऊन. ती अळी त्या फिरण्यातून आलीय. आपल्या मुलाला आपण कढीपत्त्याखाली नेलं तर त्याला काय आठवेल हे त्याचं त्याला ठरवू दे.

आणि हे सगळं परदेशातून शिकायला हवं असंही नाही. आपल्याच किनाऱ्यावर, वर बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली, आणि साधनं म्हणजे पानं, बिया, दगड, शिंपले. अंगणवाडी हा शब्दच तिथला आहे, सरकारी योजना १९७५ मध्ये आली. मी ट्रेनिंगला असताना आम्हाला हे सगळं शिकवलं होतं. आज अंगणवाडी सेविकेला वजनं, पोषण आहार, मोबाईलमधलं अ‍ॅप, सर्व्हे यातून पुस्तक उघडायला वेळ कधी मिळणार, तिला दोष देणं अन्यायाचं होईल.

पण एक गोष्ट मला खरंच बोचते. मी एका ठिकाणी गेले होते, तिथे चित्रांची सुरेख पुस्तकं आली होती, कपाटात कुलूपबंद. फाटली तर हिशेब द्यावा लागतो म्हणून. कपाटाच्या काचेतून मुलं मुखपृष्ठं बघत होती. माझी विनंती आहे, वरच्या अधिकाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं लेखी कळवा की लहान मुलांच्या हातून फाटलेलं पुस्तक वापरात आलं म्हणून धरावं, त्याची भरपाई कुणाकडून मागू नये. एवढ्या एका कागदाने बरीच कपाटं उघडतील. पुस्तकं पाचच असू देत. ज्या ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, स्वस्त पुस्तकं आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट आहेत, त्या छापून घेता येतात. हे मोठ्या मुलांच्या शाळेतल्या वाचनालयाचं काम नाही, हे घसरगुंडीवरून उतरून थेट हातात घेण्याचं पुस्तक पाहिजे, खालच्या फळीवर, मुलाच्या कमरेएवढ्या उंचीवर.

आणि तुमच्याकडे एक मागणं. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी जे अर्धं पान असतं त्यात कोडी, फरक ओळखा, रंग भरा असतं, ते सहा-सात वर्षांच्या पुढच्यांना ठीक. महिन्यातून एकदा ते अर्धं पान एका मोठ्या चित्राला द्या. आपल्याकडचं काहीही, बंदरावरचा लिलाव, होड्या शाकारून ठेवलेल्या, पावसातली पडवी, ज्यात बारीक बारीक खूप काही चाललेलं असेल असं. खाली प्रश्न नकोत, उत्तरं पान अमुकवर नको, बक्षीस नको, आणि फोटो काढून पाठवा असंही नको. नुसतं चित्र. शनिवारी मी ते पडवीत जमिनीवर पसरून ठेवीन, आणि त्याला पहिलं भोक कुठे पाडायचं ते मुलं सांगतील.

आपली,
एक निवृत्त बालवाडीताई
ता. दापोली, जि. रत्नागिरी